हातोहात फोटो

गेटवे ऑफ इंडियासमोरचा फोटोवाला आधी गिऱ्हाईक हेरतो, मग कॅमेरा उचलतो. नवं जोडपं, शाळेची सहल, गावाकडून आलेलं भरलं कुटुंब. कोण थांबेल आणि कोण हात झटकून पुढे जाईल, हे त्याला चालीवरूनच कळतं. गळ्यात डीएसएलआर, हातात नमुन्यांचा अल्बम, खांद्याला बॅग. बॅगेत प्रिंटर, बॅटरी, कागद. अख्खा स्टुडिओ पाठीवर.

जागाही अशी की धंद्याला दुसरं काही लागू नये. पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला, १९१३ मध्ये पायाभरणी झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी कमानीचं उद्घाटन. उंची २६ मीटर. समोर १९०३ पासूनचं ताजमहाल हॉटेल. गिऱ्हाइकानं पाठ कुणाकडे करायची, एवढंच ठरवायचं. मग ठरलेली पोझ: हात वर, चिमटीत ताजचा घुमट. अभिरुचीवाले नाक मुरडतात. पण बोटं आणि घुमट नेमके जुळवायचे तर फोटोवाल्याला खाली बसावं लागतं, गिऱ्हाइकाला इंच-इंच सरकवावं लागतं. ते कसबच आहे.

या धंद्याचा पूर्वज म्हणजे मिनिट कॅमेरा. तिकाटण्यावर लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला किंवा मागे हात घालायला काळ्या कापडाची बाही. पेटीच्या आतच अंधारखोली. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं. मग आत चाचपडत कागद रसायनात बुडवायचा. बाहेर यायची ती निगेटिव्ह, तीही कागदाचीच: केस पांढरे, चेहरा काळा. ती भिंगासमोर टांगून तिचाच पुन्हा फोटो काढला की माणूस माणसासारखा दिसे. बादलीत धुतलेला ओला फोटो गिऱ्हाईक फुंकर मारत घेऊन जाई. भारतातल्या अनेक शहरांच्या फुटपाथांवर हे चाले. जयपूरला हवामहलाजवळ अशी पेटी अगदी अलीकडेपर्यंत पर्यटकांसाठी उघडत असे.

रीळ आलं तेव्हा गंमत उलटी झाली. यंत्र सुधारलं, पण फोटो हातोहात मिळेना. रीळ संपायला हवं, धुवायला हवं. पत्ता लिहून घेऊन फोटो टपालानं धाडायचा, तर तेलगावच्या माणसानं मुंबईतल्या अनोळखी फोटोवाल्याच्या हाती पैसे ठेवून बीड जिल्ह्यात पोस्टमनची वाट बघायची. निव्वळ भरवशावर चालणारा व्यवहार! डिजिटल कॅमेरा आणि छोटा प्रिंटर आल्यावर ती वाट बघणं संपलं. यांतले उष्णतेवर चालणारे प्रिंटर कागद पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतात, आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि शेवटी वर पारदर्शक थर. चित्र हळूहळू भरत जाताना पोरं डोळे फाडून बघतात.

रस्त्यावरच्या छायाचित्रकारांची दुसरी जात नावाजलेली आहे. रघुबीर सिंग यांचं ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ १९९४ साली आलं. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं कृष्णधवल छायाचित्रांत मांडलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची छायाचित्रं त्यांच्या नावानं राहिली. गेटवेवरच्या माणसाचं काम मात्र गिऱ्हाईक घरी नेतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या मराठवाड्या-विदर्भातल्या लोकांपैकी कितीतरी जण गेटवेही बघून जातात. त्यांच्या भिंतींवर त्याचं प्रदर्शन कायमचं भरलेलं असतं, फक्त खाली त्याचं नाव नसतं. मला हा हिशेब फारसा न्याय्य वाटत नाही, पण पोटाचा धंदा सहीवर चालत नाही.

तो पर्यटकांवर चालतो. नोव्हेंबर २००८ मध्ये ताजवर हल्ला झाला, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दोन्ही वेळा हे आवार रिकामं झालं आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. त्याहून चिवट स्पर्धक गिऱ्हाइकाच्या खिशातच आहे. सेल्फीला पैसे पडत नाहीत. म्हणून घासाघीस आता प्रिंटच्या भावावर थांबत नाही: कागदावरचा एक, आणि बाकीचे सगळे मोबाइलमध्ये टाकून द्या, म्हणजे किती?