"तो सोताच पडला" म्हणून गप्प बसू नका
डिलिव्हरीच्या कामावर घसरून जखमी झालेल्या मुलांसाठी कायद्यात काय काय आहे?



पावसाळ्यातली एक आठवडी बैठक. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि एका ताईनं कर्ज मागितलं. तीस हजार रुपये, दवाखान्यासाठी. मुलगा नागपूरला पार्सल पोचवायचं काम करतो. रात्री ऑर्डर घेऊन जाताना गाडी घसरली, पायाचं हाड मोडलं. गटानं कर्ज लगेच मंजूर केलं. मग कोणीतरी विचारलं, "त्याच्या मालकाकडून काही मिळालं का?" ताई म्हणाली, "कोणाले मागू बाई? कोणी धडक देली असती तं गोष्ट वेगळी. तो तं सोताच पडला."

हेच वाक्य आपल्या तालुक्यात घरोघरी ऐकू येतं. कळमेश्वर, मोहपा, गोंडखैरी, धापेवाडा, कुठंही विचारा. कोणाचा मुलगा ॲपवर जेवण पोचवतो, कोणाचा कुरिअर वाटतो, कोणाचा नवरा सिलेंडर नाहीतर दुधाचे कॅन घेऊन फिरतो. थंड देशांत रस्त्यावर बर्फ साचतो आणि पोरं त्यावरून घसरतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण काळी माती आहे. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती डांबरी रस्त्यावर येते, वरून पावसाची एक सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. त्यावर ब्रेक मारला की गाडी हातात राहत नाही.

पण "सोताच पडला" म्हणजे हक्क संपला असं नाही. कुठं हक्क आहे आणि कुठं नाही, हे तीन प्रश्नांवर ठरतं. तो कोणासाठी काम करत होता? गाडी कोणाच्या नावावर आहे? आणि तो कशामुळं घसरला? हे तिन्ही प्रश्न आज पाहू. पण त्याआधी पहिल्या दिवसाचं काम, कारण तिथंच सगळ्यात मोठी चूक होते.

दवाखान्यात खरं तेच सांगा

पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं, म्हणून पुष्कळ घरांत दवाखान्यात सांगतात, "घरी पाय घसरून पडला." डॉक्टर तेच लिहून घेतात. पुढं विमा असो, मालक असो की कोर्ट, सगळे आधी दवाखान्याचा हाच कागद बघतात. त्यावर "घरी पडला" लिहिलं असेल, तर कामावर पडला हे नंतर कोणी मानत नाही.

म्हणून "अमुक रस्त्यावर, इतक्या वाजता, डिलिव्हरी करताना गाडी घसरून पडला" असं स्पष्ट सांगा आणि तसंच लिहून घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद करा आणि तिची प्रत मागा. त्याच दिवशी हे एवढं जमवून ठेवा:

• रस्त्याचे, गाडीचे आणि जखमेचे फोटो.
• मोबाईलवरच्या त्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट, वेळेसकट. काम थांबल्यावर कधी कधी आयडी बंद होते, मग काही सापडत नाही.
• मागच्या काही महिन्यांच्या कमाईचा हिशेब, बँकेचं पासबुक.
• ज्यांनी उचललं, पाहिलं, त्यांची नावं आणि फोन नंबर.
• दवाखान्याची, औषधाची सगळी बिलं आणि डिस्चार्ज कार्ड.

एक सावधगिरी. काही एजंट म्हणतात, "दुसऱ्या गाडीनं धडक दिली असं लिहून देऊ, जास्त पैसे मिळतील." अजिबात ऐकू नका. खोटी तक्रार हा गुन्हा आहे, आणि ती उघडी पडली की खरा हक्कही जातो.

पैसे नाहीत म्हणून उपचार थांबवू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमी माणसावर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात. त्यापुढं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये. दाखल करतानाच दोन्हींबद्दल विचारा आणि आधार, रेशनकार्ड सोबत ठेवा.

पहिला प्रश्न: तो कोणासाठी काम करत होता?

दुकान, गॅस एजन्सी, डेअरी, कुरिअर अशा ठिकाणी मालकानं पगारावर ठेवलं असेल, तर तो कर्मचारी आहे. कामामुळं आणि काम करताना अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. गाडी आपोआप घसरली तरी हक्क राहतो. दारू पिऊन चालवत असेल किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर मात्र अडचण येते.

रक्कम किती, हे पगार, वय आणि अपंगत्वाची टक्केवारी यांवरून ठरतं. समजा मुलगा २५ वर्षांचा आहे आणि पगार १२,००० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, गुणिले कोष्टकातला २५ वर्षांसाठीचा आकडा २१६.९१. झाले १५ लाख ६१ हजार ७५२ रुपये. त्याची काम करण्याची ताकद २० टक्के कमी झाली असं ठरलं, तर याच रकमेच्या २० टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख १२ हजार. "दहा हजार घे आणि विषय संपव" असं मालक म्हणत असेल, तर सही करण्याआधी हा हिशेब आठवा.

कामावर जाताना पडला तर? इथं आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. एका साखर कारखान्याचा वॉचमन एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या ड्यूटीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडं अपघातात गेला. उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी घरच्यांना ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते रद्द केले. घरच्यांनी हार मानली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की घरून कामावर जाण्याची वेळ, जागा आणि कारण कामाशी जोडलेलं असेल तर तो अपघात कामावरचाच. भरपाई परत मिळाली. बावीस वर्षं लागली, पण त्या निकालाचा उपयोग आता सगळ्यांना होईल.

पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर भरपाईचा रस्ता ईएसआयमधून जातो. उपचार आणि सुट्टीतला पगाराचा भत्ता तिथून मिळतो. नागपूरला सोमवारी पेठेत कामगार विमा रुग्णालय आहे. पगाराची चिठ्ठी एकदा नीट पाहून घ्या.

आता ॲपवर काम करणारी मुलं. इथं गोष्ट वेगळी आहे आणि ती खरी खरी सांगितली पाहिजे. कायदा त्यांना 'गिग कामगार' किंवा 'प्लॅटफॉर्म कामगार' म्हणतो, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचे. वर सांगितलेली मालकाची भरपाई त्यांना सरळ मिळत नाही. नव्या संहितेत त्यांच्यासाठी अपघात विमा, आरोग्य अशा योजना करायची तरतूद आहे, आणि त्यासाठी ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. त्यासाठी मुलाची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी हवी. आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन सेवा केंद्रात जा. मदतीचा नंबर १४४३४.

शिवाय अनेक कंपन्या काम चालू असतानाच्या अपघाताचा गट विमा काढतात. ॲपमध्ये 'विमा' किंवा 'मदत' असा भाग असतो. मुलाला आजच तो उघडायला लावा. किती रकमेचा आहे, किती दिवसांत कळवायचं आहे, हे वहीत लिहून ठेवा. अपघात झाल्यावर शोधू लागलो तर मुदत निघून जाते.

दुसरा प्रश्न: गाडी कोणाच्या नावावर आहे?

आपण दरवर्षी गाडीचा जो थर्ड पार्टी विमा काढतो, तो आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी असतो. स्वतः घसरून पडलेल्या चालकाला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी पॉलिसीत वेगळं कलम असतं, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. तो १५ लाख रुपयांचा असतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. साध्या फ्रॅक्चरला मात्र नाही.

आता नीट ऐका. हा विमा गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आहे, आणि त्याच्याकडं वैध लायसन्स हवं. आपल्याकडं काय होतं? गटाचं कर्ज काढून आईनं गाडी घेतली, आरसी बुक आईच्या नावावर. चालवतो मुलगा. मुलगा पडला तर तो मालक नाही म्हणून विमा मिळत नाही, आणि आईकडं लायसन्सच नाही. हप्ता भरूनही घरात कोणालाच आधार नाही. गाडी जो चालवतो त्याच्या नावावर करता येत असेल तर करा. नाहीतर त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढा. डिलिव्हरीसाठी गाडी वापरतो हेही विमा कंपनीला आधी सांगा. पॉलिसी घरगुती वापराची असेल तर दाव्याच्या वेळी हरकत निघू शकते.

तिसरा प्रश्न: तो कशामुळं घसरला?

दुसऱ्या गाडीनं कट मारला, तिला चुकवताना पडला, तर ती गाडी आणि तिची विमा कंपनी जबाबदार धरता येते. त्यासाठी नागपूरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, म्हणून थांबू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार मिळतात. त्याची चौकशी तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करा.

खड्ड्यामुळं पडला तर? १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला, की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, आणि जखमी झाल्यास जखमेप्रमाणं पन्नास हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे. दावे पाहण्यासाठी समित्या सांगितल्या आहेत. त्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात आणि सोबत महापालिकेचे आयुक्त किंवा नगर परिषदेचे मुख्याधिकारी. म्हणून खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. चार दिवसांनी मुरूम टाकून बुजवला की पुरावाच बुजला.

घरातच असलेले दोन आधार

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपल्याला माहीतच आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. स्वतः घसरून पडला तरी चालतं. आपण गटातल्या बायांनी आपापला काढला, पण मुलाच्या खात्यातून २० रुपये कपात होतात का, हे कितीजणींनी पाहिलं? १ जूनच्या आधी खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो.

दुसरा आधार सातबारा असलेल्या घरांसाठी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती येते, वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक अवयव किंवा डोळा गेला तर एक लाख. मुलगा शेतात नाही, नागपूरच्या रस्त्यावर पडला तरी अर्ज करता येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं, तीस दिवसांच्या आत.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं वकील मोफत मिळतो. महिलेला उत्पन्नाची अट नाही. जखमी मुलाच्या नावानं अर्ज असेल, तर महाराष्ट्रात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. फोन १५१००, हा देशभर चालतो. जाताना वरचे सगळे कागद एका पिशवीत घेऊन जा.

त्या ताईचं काय झालं, विचाराल. दवाखान्याच्या कागदावर "घरी पडला" असंच लिहिलं होतं. गटाच्या कर्जाचे हप्ते ती अजून भरते आहे, कापूस वेचून. मुलगा चालतो आता, पण पाय ओढत.

म्हणून पुढच्या बैठकीत एकच विषय ठेवा. ज्या घरातला कोणी डिलिव्हरीचं काम करतो, त्या सखीनं चार गोष्टी सोबत आणाव्या: आरसी बुक, विम्याची पॉलिसी, मुलाचं पासबुक आणि ई-श्रम कार्ड. बँक सखीला बोलवा, एकेक कागद वाचून घ्या, जे नाही ते त्याच आठवड्यात करून घ्या. पावसाळ्याच्या आधी छत शाकारतो ना आपण, तसंच हे.