बिनमुठीच्या ट्रॉल्या : आराखड्याआधी घ्यावयाचा निर्णय

बंगळुरू : नव्या घराच्या स्वयंपाकघरातील कपाटे आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या मुठीविना करून घेण्याची पद्धत देशातील मोठ्या शहरांत रूढ होत आहे. सपाट, सलग आणि आधुनिक दिसणारी ही रचना पाहताक्षणी मनात भरते. मात्र ती निवडताना अनेक कुटुंबे केवळ दिसण्याचा विचार करतात. मूठ काढून टाकली तरी कपाट उघडण्यासाठी बोटांना कोठेतरी जागा द्यावीच लागते. ही जागा कोठे द्यायची, यावर ट्रॉलीत किती उंचीचा डबा मावेल, घरातील वृद्ध व्यक्तीला ती उघडता येईल का आणि रोज किती साफसफाई करावी लागेल, हे सारे अवलंबून असते.

पेठेत काय मिळते, काय मिळत नाही

बंगळुरूच्या जुन्या पेठेतील चिकपेट हे या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या शहरात पूर्व-पश्चिम जाणारी चिकपेट आणि दक्षिणोत्तर जाणारी दोड्डपेट हे दोन प्रमुख रस्ते होते. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘दोड्ड’ म्हणजे मोठे. ‘पेट’ म्हणजे आपली पेठच. चिकपेट आज रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध असली, तरी एसजेपी रस्त्यावरील हार्डवेअर आणि बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावरील विजेचे सामान यांसाठीही ग्राहक याच परिसरात येतात. मेट्रोचे भूमिगत स्थानक २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून येथे येणे सोपे झाले आहे.

अशा बाजारात पितळी, पोलादी किंवा ॲल्युमिनियमची मूठ नगावर विकत घेता येते. ती आवडली नाही तर सहा महिन्यांनी बदलता येते. दोन भोकांमधील अंतर तेच ठेवले की सुताराचे काम अर्ध्या तासात आटोपते. बिनमुठीच्या रचनेचे तसे नाही. तिच्यासाठी लागणारी पट्टी किंवा स्प्रिंग बाजारात मिळते. परंतु ती बसविण्यासाठी कपाटाच्या फळ्या कशा कापायच्या, हे लाकूड कापण्यापूर्वीच ठरवावे लागते. मूठ ही शेवटी घेण्याची वस्तू आहे, तर मुठीचा अभाव आराखड्यातच आखावा लागतो. खर्च आणि मनस्ताप यांचे मूळ बहुधा हा क्रम चुकण्यात असते.

चार प्रकार

‘हँडललेस’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या पद्धती विकल्या जातात.

पहिली ‘गोला’ पद्धत. हा शब्द इटालियन असून त्याचा अर्थ घसा असा आहे. मराठीतील गोलाशी त्याचा संबंध नाही. यात ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमची आडवी पन्हळ बसवितात आणि तिच्या पोकळीत बोटे घालून शटर ओढतात. ओट्याच्या लगेच खाली इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची, तर दोन खणांच्या मध्ये ‘सी’ आकाराची पन्हळ येते. तिच्यासाठी कपाटाच्या उभ्या फळ्यांना पुढून खाचा पाडाव्या लागतात.

दुसऱ्या पद्धतीत शटरची वरची कडच ‘जे’ अक्षरासारखी कोरली जाते. यासाठी एमडीएफसारखा एकजिनसी बोर्ड लागतो. सनमायका लावलेल्या साध्या प्लायवूडमध्ये अशी कड कोरली तर आतील थर उघडे पडतात.

तिसऱ्या पद्धतीत शटरच्या कडेला ॲल्युमिनियमची पकड-पट्टी बसवितात. काटेकोर अर्थाने ही मूठच आहे. ती फक्त शटरच्या रुंदीइतकी लांब असते आणि चटकन नजरेत येत नाही.

चौथी पद्धत दाबून उघडण्याची. शटरवर हलका दाब दिला की आतील स्प्रिंग ते काही सेंटीमीटर पुढे ढकलते. यासाठी बंद शटरच्या मागे काही मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. याचाच विजेवर चालणारा आणि अधिक महाग प्रकारही उपलब्ध आहे.

ओट्यावरच्या कपाटांसाठी याहून सोपा उपाय आहे. शटर कपाटाच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली उतरविले की खालून बोटांनी धरता येते. त्यास वेगळे सामान लागत नाही.

कल्पना साठ वर्षांहून जुनी

स्वयंपाकघराच्या शास्त्रशुद्ध मांडणीचा आरंभ म्हणून ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेल्या ‘फ्रँकफर्ट किचन’चा उल्लेख केला जातो. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत गृहिणीची पावले वाचविण्याचा विचार होता. झीमॅटिक या जर्मन कंपनीने १९६० मध्ये ‘६००६’ या नावाने मुठीविना स्वयंपाकघर बाजारात आणले. आज नवी म्हणून दाखविली जाणारी ही रचना म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या त्या कल्पनेचाच विस्तार होय.

अरुंद खोलीतील लाभ

लहान घरांत मुठी नसण्याचा लाभ खरा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार, जेवणाची खोली वेगळी असलेल्या घरात स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर असावी लागते. अशा खोलीत समोरासमोर ६० सेंटीमीटर रुंदीचे दोन ओटे घेतले, तर मध्ये केवळ ६० सेंटीमीटर वाट उरते. दोन्ही बाजूंच्या मुठी प्रत्येकी तीन-चार सेंटीमीटर पुढे आल्या, तर त्या वाटेचा दहावा हिस्सा त्याच घेतात. साडीचा पदर, ओढणी किंवा खिसा मुठीत अडकणे आणि लहान मुलाच्या कपाळाला ती लागणे, हे प्रकारही टळतात.

जागेचा हिशेब

या लाभाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ओट्याखालील कपाटाचा सांगाडा साधारणपणे ७२ सेंटीमीटर उंच असतो. गोला पद्धतीत वरची पन्हळ पाच-सहा, तर मधली सुमारे सात सेंटीमीटर उंचीची असते. पन्हळ केवळ पुढच्या काठावर असली, तरी खण बाहेर ओढताना त्यातील प्रत्येक भांडे तिच्या खालून सरकावे लागते. त्यामुळे खणाची उपयुक्त उंची पन्हळीच्या खालच्या कडेपर्यंतच धरावी लागते. खणातील उंच डबा मागे राहील, पण बाहेर येताना अडेल.

म्हणून आराखडा मंजूर करण्यापूर्वी घरातील कुकर, कळशी, पिठाचा डबा आणि मिसळणाचा डबा यांची उंची टेपने मोजून ती प्रत्येक खणासमोर लिहून ठेवणे हिताचे ठरते. खण किती किलो वजन पेलतो, हेही विचारावे. पोलादी व पितळी भांड्यांनी भरलेल्या खणासाठी किमान ३० ते ४० किलो क्षमतेच्या आणि पूर्ण बाहेर येणाऱ्या सरकपट्ट्या योग्य ठरतात.

ओटा आधीच कडप्प्याच्या उभ्या लाद्यांवर बांधलेला असेल, तर गोला पद्धत सहसा सोडून द्यावी लागते, कारण दगडाला तशा खाचा पाडणे व्यवहार्य नसते. तेथे पकड-पट्टी किंवा दाबून उघडण्याची पद्धत उरते.

पाणी, तेल आणि झुरळे

मराठी स्वयंपाकघरात फोडणी रोज पडते आणि ओटाही रोज पाण्याने धुतला जातो. ओट्यावरून ओघळणारे पाणी, पीठ आणि तेलकट धूळ ‘एल’ पन्हळीत साचते. ग्रॅनाइटची कड शटरच्या थोडी पुढे ठेवून तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी बारीक खाच घेतली, तर बरेचसे पाणी बाहेरच गळते. पन्हळीची दोन्ही टोके टोपणांनी बंद असावीत, अन्यथा तिच्या मागील पोकळीत झुरळांना आश्रय मिळतो. कोरलेल्या कडेच्या शटरवर चिकटविलेला पातळ पडदा शेगडीच्या उष्णतेने सुटू शकतो. शेगडीलगत तो प्रकार टाळावा. दाबून उघडण्याच्या पद्धतीत पन्हळ नसते, परंतु ओल्या आणि तेलकट हातांचे ठसे थेट शटरवर उमटतात. गडद, चकचकीत रंगावर ते अधिक दिसतात.

हातांची ताकद

घरात संधिवाताचा त्रास असलेली किंवा वयोवृद्ध व्यक्ती स्वयंपाक करीत असेल, तर निर्णयाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. जाड मुठीला चार बोटे अडकवून, प्रसंगी मनगटाने ओढता येते. उथळ पन्हळीत मात्र सारा भार बोटांच्या टोकांवर येतो आणि भरलेला खण हलवणे जड जाते. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या सुविधांच्या २०१० च्या मानकांनुसार अशा वस्तू एका हाताने, घट्ट पकड, चिमटीचा जोर किंवा मनगट पिळणे यांवाचून वापरता आल्या पाहिजेत आणि त्यासाठी पाच पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंहून अधिक जोर लागता कामा नये. भारतातील खासगी घराला हे बंधन लागू नाही. तरी कसोटी म्हणून ते उपयोगी आहे. दुकानातील रिकामा खण सहज उघडतो. त्यात दहा-पंधरा किलो वजन ठेवून, तोही घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून उघडून पाहावा.

दाबून उघडणारे शटर कोपराने किंवा गुडघ्यानेही उघडता येते, ही त्याची जमेची बाजू. परंतु ओट्याला टेकून उभे राहिले तरी ते उघडते आणि रांगणाऱ्या बाळालाही ते उघडता येते. शिवाय बाहेर ढकलणारी स्प्रिंग आणि हळू बंद होण्याची यंत्रणा या परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. दोन्ही एकत्र देणारे सामान महाग असते. विजेवर चालणारा खण वीज गेल्यावर ओढून उघडण्यास बोटांना जागा आहे का, हेही पाहावे.

मिश्र रचना

यावर संपूर्ण स्वयंपाकघर एकाच पद्धतीने करण्याचा आग्रह सोडणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. जड भांड्यांच्या खणांना भक्कम मूठ, ओट्याच्या दर्शनी बाजूला गोला किंवा पकड-पट्टी, वरच्या कपाटांना खाली उतरविलेले शटर आणि केवळ कचऱ्याच्या डब्यासाठी दाबून उघडणारी यंत्रणा, अशी विभागणी करता येते. अशा रचनेत रंगसंगती सांभाळली की दिसण्यातही फारसे उणे राहत नाही.

सुताराने करवत हाती घेण्यापूर्वी प्रत्येक खणासमोर त्यात काय ठेवायचे आणि तो कोण उघडणार, या दोन गोष्टी आराखड्यावर लिहिलेल्या असाव्यात. मूठ नंतरही लावता येते. फळीला एकदा पाडलेली खाच मात्र भरून येत नाही.