अल्बर्टाचा माळ: ओसाड नव्हता, निर्जळही नव्हता

कॅनडा म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ आणि तळी येतात. पण दक्षिण अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमधला ‘पॅलिसर त्रिकोण’ कोरडा आहे. कित्येक ठिकाणी वर्षाचा पाऊस 350 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तरी ते वाळवंट नव्हे, गवताळ माळ आहे.

1857 ते 1860 दरम्यान जॉन पॅलिसरच्या मोहिमेने हा भाग शेतीला नालायक ठरवला. शेती नाही म्हणजे माणूसही नाही, हा समज तेव्हापासून घट्ट झाला. तो साफ खोटा आहे. दक्षिण अल्बर्टातल्या ‘हेड-स्मॅश्ड-इन’च्या कड्यावरून बायसनचे कळप लोटून शिकार करण्याची रीत जवळपास 6000 वर्षं जुनी आहे. 1981 पासून ही जागा जागतिक वारसास्थळ आहे.

माळावरची दगडी वर्तुळं म्हणजे थडगी, असंही अनेकांना वाटतं. त्यातली बहुतेक तंबूंची आहेत. वाऱ्याने कातड्याची कनात उडू नये म्हणून कडेने धोंडे ठेवत. मुक्काम हलला की धोंडे तिथेच राहत. या माळावरचे मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोक मृतांना बहुधा झाडावर किंवा मचाणावर ठेवत. बो नदीजवळचं मेजरव्हिल मात्र निराळं. मधोमध सुमारे 9 मीटर रुंद दगडांची रास, तिच्यातून निघालेले आरे आणि भोवती दगडांचंच कडं. 1971 मधल्या उत्खननावरून राशीचा आरंभ सुमारे 5000 वर्षांपूर्वीचा ठरला. आत ‘इनिस्किम’ही मिळाले: बायसनला बोलावून आणतात अशी श्रद्धा असलेले पवित्र दगड. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे भर घालत आले. ब्लॅकफूट लोकांसाठी ती जागा आजही पवित्र आहे, त्यामुळे पाहायला जाणाऱ्याने तिथला खडासुद्धा हलवू नये.

प्राचीन वस्ती म्हटली की आपण कालवे शोधू लागतो. इथे पाणी अडवायचे ते बीव्हर. फांद्या आणि चिखल रचून ते ओढ्यावर बांध घालतात. मागे साठलेलं पाणी दुष्काळात टिकतं, आजूबाजूच्या जमिनीत मुरतं. ब्लॅकफूट लोक बीव्हर मारणं टाळत, फरच्या व्यापाऱ्यांनी गळ घातली तरी. त्यामागे पाणी राखण्याचं जाणतेपण होतं, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ ग्रेस मॉर्गन यांनी केली आणि मला ती पटते.

माणसांनी खणलेला पहिला मोठा कालवा लेथब्रिजपर्यंत पोहोचला तो 1900 मध्ये. त्यावर राबलेले बरेचजण युटाहून आलेले मॉर्मन शेतकरी होते. ब्रुक्सजवळचा 3.2 किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा जलसेतू 1914 चा. 1979 मध्ये त्यातून पाणी सोडणं थांबलं.