डॉक्टरांना आधी काम सांगा



मे महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत आम्ही साधाच प्रश्न विचारला. काल दिवसभरात काय काम केलंत? बहुतेकींचं उत्तर एकच होतं, “काही नाही, घरीच होतो.” मग आम्ही सकाळपासून मोजायला बसलो. गोठा झाडला. शेण भरलं. बागेत काजू वेचले. पावसाळ्यासाठी लाकूडफाटा भरायचा म्हणून रानात जाऊन दोन मोळ्या आणल्या. तरवा भाजायला पातेरा गोळा केला. एवढं सगळं करून आपण ‘घरीच’ होतो!

हीच बाई आठ दिवसांनी तापाने फणफणून दवाखान्यात जाते. केसपेपरवर कामाच्या जागी ‘गृहिणी’ असं लिहिलं जातं. ती म्हणते, “ताप आहे, अंग दुखतंय.” डॉक्टर तापाची गोळी देतात. रानाचा, गोठ्याचा, चिखलाचा विषय निघतच नाही. आपल्या दक्षिण कोकणात मात्र बऱ्याच तापांचं मूळ नेमकं तिथेच असतं. म्हणून आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. ताप आला तर डॉक्टरांना तापाबरोबर आपलं काम सांगा.

काजू आणि पातेऱ्याचे दिवस

डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत आपल्या रानात माकडतापाचा धोका असतो. हा आजार १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो ओळखणारे शास्त्रज्ञ पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे होते. त्या केंद्रालाच आज आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. पुढे हा ताप घाटाघाटाने सरकत आला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात तो आला. तिथल्या बायकांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

नाव माकडताप असलं तरी तो आपल्याला देते ती गोचीड. जंगलातल्या गोचिडीत विषाणू असतो. ती माकडाला किंवा वानराला चावली की तेही आजारी पडतं आणि पुष्कळदा मरतं. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. आपण तिथे काजू वेचायला वाकतो, पातेरा कवेत घेतो, मोळी डोक्यावर ठेवतो आणि गोचीड आपल्या अंगावर चढते. या दिवसांतली गोचीड अगदी बारीक, तिळाहूनही लहान असू शकते. चावलेलं कळतही नाही. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला मात्र हा ताप होत नाही. म्हणून घरातल्या आजारी बाईची ताटवाटी वेगळी करायची किंवा तिला बाजूला बसवायची काहीच गरज नाही.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात. या विषाणूवर नेमकं असं औषध नाही. पण वेळेवर दवाखान्यात पोचलेल्या रुग्णाचं पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळता येतो, आणि त्यावरच जीव वाचतो. कर्नाटकात जी जुनी लस वापरत होते ती पुरेशी गुणकारी ठरली नाही. नव्या लशीचं काम चालू आहे. तोपर्यंत आपलं अंग आपणच राखायचं.

ते असं राखता येतं. रानात जाण्याआधी आरोग्य विभागाकडून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं तेल हातापायांना आणि मानेला लावावं. लांब बाह्यांचा शर्ट घालावा, पाय झाकावेत. पाल्यावर बसू नये, आडवं होऊ नये. घरी आल्यावर आधी गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि मगच चुलीकडे वळावं. एकमेकींचं अंग तपासावं. कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्याच्या मागे आणि परकराच्या नाडीखाली नक्की बघावं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढावी. नखाने चिरडू नये. नंतर हात आणि ती जागा साबणाने धुवावी.

माकड मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही. आशाताईंना, वनरक्षकांना आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवायचं. मेलेल्या माकडाच्या भोवती औषध मारलं जातं. आपण कळवलं नाही तर ते मारणार तरी कोण? आणि त्या भागातला पातेरा त्या वर्षी तरव्यासाठी किंवा गोठ्यासाठी आणायचा नाही.

लावणीचे दिवस

पाऊस पडला की रानातला धोका कमी होतो आणि मळ्यातला सुरू होतो. हा लेप्टो. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून त्याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात येतात. पायाच्या चिरेतून, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून, कापलेल्या हातातून ते आपल्या शरीरात शिरतात. २००५ सालच्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसांमुळे. आपल्याला त्यासाठी पूर लागत नाही. लावणीच्या दिवसांत आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच पाण्यात वाकून उभ्या असतो.

लेप्टोचा ताप बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांत येतो, कधी महिनाही लागतो. थंडी वाजते, डोकं दुखतं, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. लावणीत पोटऱ्या दुखतातच, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. दुखण्याबरोबर ताप असेल तर तो थकवा समजू नका. डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, दम लागला, खोकल्यातून रक्त आलं तर मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुस धोक्यात आलेलं असतं. त्या वेळी एक तासही घरी काढायचा नाही.

माकडतापापेक्षा इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. लेप्टोवर औषध आहे, साधं आणि स्वस्त. पहिल्या काही दिवसांत प्रतिजैविक मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर तोच आजार डायलिसिसपर्यंत नेतो. फरक चार-पाच दिवसांचा असतो, आणि ते दिवस आपण बहुतेक वेळा ‘एवढी लावणी होऊ दे’ म्हणून घालवतो.

बुटाने चिखलात लावणी होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जखम असेल तर तिला पाणी न शिरणारी पट्टी लावता येते. जखम मोठी असेल तर त्या दिवशी तिला बांधावरचं, मुठी पुरवण्याचं काम देता येतं. मळ्यातल्या पाण्याने तोंड धुवू नये, चूळ भरू नये. घरी आल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ पाण्यात धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. भात आणि तांदूळ झाकणाच्या पिंपात ठेवावा. गोठ्यातलं पाणी विहिरीकडे आणि पायवाटेवर जाणार नाही अशी चर काढावी. आरोग्यसेविका धोक्याच्या भागात डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती त्यांनी सांगितल्याप्रमाणेच, जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. पाळी चुकली असेल तर गोळी घेण्याआधी ते सांगावं, लाजू नये.

कापणीचे आणि गवताचे दिवस

भात पिकलं की उंदीर वाढतात आणि उंदरांमागून साप येतात. कोकणात फुरसं भरपूर आहे. ते लहान आणि मातीच्या रंगाचं असतं, गवताच्या भाऱ्याखाली किंवा दगडाआड ओळखूही येत नाही. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठतं का ते बघतात. गोठलं नाही तर विष भिनलं असं समजून सापाच्या विषावरची लस सुरू करतात. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साप मारून आणायची गरज नसते.

साप चावला की सगळ्यात आधी बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण काढा, कारण सूज चढल्यावर ते रुततात. हाडाला फळी बांधतात तसा तो हात किंवा पाय न हलेल असा ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

विंचवाचंही तसंच. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर तो नुसता वेदनेचा विषय राहत नाही, हृदयावर येतो. रायगड जिल्ह्यात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण लिहून ठेवलं आणि प्राझोसिन नावाची गोळी वेळेवर दिली तर जीव वाचतो हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या गोळीचा उपयोग रुग्ण वेळेत पोचला तरच होतो.

ताप आला तर काय सांगायचं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना घाई असते. म्हणून या पाच गोष्टी घरूनच कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या.

१. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला.
२. गेल्या महिनाभरात काय काम केलं. रान, काजू, पातेरा, गोठा, लावणी, कापणी, सगळं.
३. गोचीड चावली का, हातापायाला जखम होती का.
४. गावात माकड मेलं का, कोणाला असाच ताप आला का.
५. गरोदर आहे का, लघवी किती होते, कुठून रक्त आलं का.

तोवर घरी ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. रक्तस्रावाच्या तापात ती घातक ठरतात. डेंग्यूलाही हाच नियम. अंगदुखीवर ‘एक इंजेक्शन मारून द्या’ असा हट्टही धरू नका. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, पेज चालते. ताप दुसऱ्या दिवशीही असला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

हे सगळं कळूनही बाई घरी का थांबते, हे आपल्याला ठाऊक आहे. गुरांना पाणी कोण दाखवणार? दूध कोण काढणार? गाडीभाड्याला पैसे कोणाकडे मागायचे? याचं उत्तर दवाखान्यात मिळत नाही, ते आपल्या गटातच मिळतं. म्हणून पुढच्या बैठकीत तीन ठराव करा. गटाच्या शिलकीतून काही रक्कम दवाखान्याच्या भाड्यासाठी बाजूला ठेवा, विचारणा न करता लगेच हातात पडेल अशी. आजारी बाईचा गोठा दोन दिवस कोण सांभाळणार याच्या पाळ्या लावा. आणि तिच्याबरोबर एकीने जायचंच, म्हणजे ती सांगायला विसरली तर दुसरी सांगेल.

दवाखान्यात कोणी विचारलं, “काय काम करता?” तर “काही नाही, घरीच असते” असं म्हणू नका. “लावणी करते, गोठा बघते, रानातून लाकडं आणते,” असं नीट सांगा. आपण एवढं काम करतो ते एरवी कोणी मोजत नाही. निदान तापाच्या वेळी तरी ते मोजलं जाऊ दे. त्या कामातच आपल्या आजाराचं नाव असतं.