नोटिशीत न छापलेला आकडा

कुलूप उघडलं तरी दार उघडेना. चावीवाल्याने खांद्याने रेटलं तेव्हा ते वीतभर सरकलं आणि अडकलं. फटीतून हात घालून त्याने जे बाहेर ओढलं, ती सोसायटीची बिलं होती. दर महिन्याला कुणीतरी इमानाने दाराखालून सरकवलेली. वरची कोरी करकरीत, खालची दमटपणाने फरशीला चिकटलेली.

कोर्ट कमिशनर, दोन पोलीस, पंच आणि बँकेचा अधिकृत अधिकारी म्हणून मी. परळच्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरची ही गोष्ट आहे. कर्ज थकलं की सरफेसी कायद्याखाली आधी साठ दिवसांची नोटीस, मग सांकेतिक ताबा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन असा प्रत्यक्ष ताबा. 2002 साली हा कायदा आला आणि माझ्या नोकरीतली पुढची बरीच वर्षं अशा बंद दारांसमोर गेली. त्या दिवशी पंचनाम्यात आम्ही पंखे, एसी, गॅसची शेगडी, सगळं नोंदवलं. बिलांचा गठ्ठा मात्र मी उचलून ओट्यावर ठेवला. त्याला पंचनाम्यात रकाना नव्हता.

रकाना पुढेही कुठे नव्हता. आमचा मूल्यांकनकार येऊन तीन आकडे देऊन गेला: बाजारभाव, वसूल होऊ शकेल अशी किंमत, आणि घाईच्या विक्रीत मिळेल ती किंमत. महिन्याचं मेंटेनन्स किती, हे त्याच्या बारा पानी अहवालात एका ओळीनेही नव्हतं. त्या आकड्यांवरून राखीव किंमत ठरली, पेपरात जाहिरात गेली. ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे’ हे वाक्य त्यात बारीक टायपात होतंच. लोक ते मंत्रासारखं वाचून पुढे जातात. थकलेलं मेंटेनन्स, थकलेलं वीजबिल, मालमत्ता कर हे सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात, हा त्याचा अर्थ.

तो फ्लॅट दोनदा लिलावात काढला, दोन्ही वेळा एकही बोली नाही. तिसऱ्या वेळी राखीव किंमत 1 कोटी 62 लाखांवर आणली. त्या टॉवरमध्ये तसाच फ्लॅट एजंट 1 कोटी 95 लाखांना सांगत होते. हे 2019 सालचं. तेहेतीस लाखांचा फरक म्हटल्यावर माणसं फोन करू लागतात.

पाहणीच्या दिवशी एक जोडपं आलं. बाई केईएममध्ये परिचारिका, गृहस्थ शाळेत शिक्षक. राहायला डोंबिवलीत. रात्रपाळी संपवून सकाळच्या गर्दीत उलट्या दिशेने घरी जायचं, दुपारी झोपायचं, पुन्हा निघायचं, अशी बाईंची वीस वर्षं झालेली. त्या बाल्कनीत उभ्या राहिल्या आणि हॉस्पिटलची इमारत शोधू लागल्या. दिसली तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, चालत दहा मिनिटं.” एवढंच. मी बाजूलाच उभा होतो. त्या ‘दहा मिनिटं’मध्ये काय काय होतं, ते मला ऐकू आलं.

गृहस्थांनी वहीत हिशेब मांडलेला होता. डोंबिवलीचा फ्लॅट साठ लाखांना जाईल, गावच्या जमिनीच्या वाट्याचे आणि साठवलेले मिळून बावीस, उरलेल्या ऐंशी लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता, म्हणजे महिना 69,440. दोघांचे पगार मिळून सव्वा लाखाच्या वर. वहीत शेवटच्या ओळीत मेंटेनन्स लिहिलं होतं: 2,500. डोंबिवलीत 2,200 भरत होते, त्यात तीनशे वाढवलेले.

माझं काम फ्लॅट विकायचं होतं. तिमाही संपायला पाच आठवडे होते आणि वसुलीचं लक्ष्य माझ्या नावावर लिहिलेलं होतं. पण त्याआधी सात-आठ वर्षांपूर्वी ठाण्यातला एक फ्लॅट मी असाच विकला होता. घेणारे गृहस्थ दोन महिन्यांनी सोसायटीचं बिल घेऊन माझ्या टेबलासमोर बसले. भांडले नाहीत. फक्त म्हणाले, “साहेब, तुम्हाला माहीत होतं ना?” मला माहीत होतं. कायद्याने मी काही चुकलो नव्हतो, नोटिशीत सगळं लिहिलेलं होतं. तरी तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, म्हणून या जोडप्याला मी म्हटलं, “सर, वही मिटू नका. तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे. आधी तिथे जाऊन या.”

मीही त्यांच्याबरोबर खाली गेलो. मॅनेजरने रजिस्टर उघडलं. मेंटेनन्स महिना 17,000. साडेसात हजारांच्या वर असल्याने आणि सोसायटीची उलाढाल 20 लाखांच्या पुढे असल्याने 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3,060. एकूण 20,060.

“पण फ्लॅट तर 540 फुटांचा आहे,” गृहस्थ म्हणाले.

इथेच खरी गोम आहे, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क चौरस फुटावर लावत नाहीत. लिफ्ट, सुरक्षारक्षक, सफाई, पंप यांचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा वाटला जातो. त्या टॉवरमध्ये बहुतेक फ्लॅट तीन-चार बेडरूमचे होते, आणि तरणतलाव, क्लबहाऊस, तीन लिफ्ट, जनरेटर, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा हा सगळा थाट त्यांच्या ऐपतीचा होता. 540 फुटांचा फ्लॅट त्यात बरोबरीचा वाटेकरी. (सोसायटी अजून बिल्डरच्याच हातात असेल किंवा 1970च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची कॉन्डोमिनियम असेल, तर हिशेब बहुधा क्षेत्रफळावर होतो आणि तिथे छोट्या फ्लॅटला थोडा दिलासा मिळतो. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे, हे म्हणून पहिल्यांदा विचारावं.)

मग थकबाकीचं पान आलं. 44 महिने. मुद्दल 8 लाख 82 हजार. त्यावर उपविधींप्रमाणे तेव्हा वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं, ते धरून बारा लाखांच्या वर. ते भरल्याशिवाय सभासदत्व हस्तांतरित करणार नाही, असं मॅनेजरने सरळ सांगितलं. हस्तांतरणाच्या अधिमूल्याला महापालिका हद्दीत 25,000 रुपयांची मर्यादा आहे, त्याची चिंता नव्हती. चिंता ह्या बारा लाखांची होती.

त्या पानावर मला एक गोष्ट दिसली, जी मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. कर्जाचा हप्ता थांबला त्याला तेव्हा तीस महिने झाले होते. मेंटेनन्स त्याच्याही चौदा महिने आधी थांबलं होतं. म्हणजे पहिला मालक चौदा महिने बँकेचा हप्ता भरत होता आणि सोसायटीचं बिल बाजूला ठेवत होता. नंतर मी जुन्या फायली काढून पाहिल्या. एकामागून एक तेच चित्र. हप्ता चुकला की बँक फोन करते, म्हणून हप्ता शेवटपर्यंत सांभाळला जातो. मेंटेनन्सची चुकवाचुकवी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मालक ज्या ओझ्याखाली वाकला त्याची पहिली नोंद सोसायटीच्या रजिस्टरमध्ये असते, आणि ते ओझं लिलावानंतर त्याच फ्लॅटमध्ये नव्या माणसाची वाट पाहत असतं.

आम्ही तिघं खालच्या बाकावर बसलो आणि गृहस्थांच्या वहीत नवा हिशेब मांडला. शिवडी-नायगावकडे जुन्या चार मजली सोसायटीत त्यांना मेंटेनन्स साडेतीन हजार पडलं असतं. फरक महिना 16,560. लाखाला 868च्या हिशेबाने तेवढ्या पैशांत आणखी एकोणीस लाखांचं कर्ज फिटतं. तेहेतीस लाखांच्या स्वस्ताईतून बारा थकबाकीचे गेले, हे एकोणीस गेले. हातात राहिले दोन लाख, त्यातून फ्लॅटची दुरुस्ती व्हायची. आणि हप्ता वीस वर्षांनी संपतो, वाढतही नाही फारसा. मेंटेनन्स संपत नाही. वर्षाला सात टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षांत दुप्पट होतं. बाई निवृत्त होतील तेव्हा ते चाळीस हजार असणार होतं, पेन्शनीतून.

दुसरी अडचण वेळेची. बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पंचवीस टक्के, म्हणजे साडेचाळीस लाख, आणि बाकीचे विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण ती बँकेच्या मर्जीवर. तोवर डोंबिवलीचा फ्लॅट विकून पैसे हातात कसे येणार?

निघताना वॉचमनने गृहस्थांना थांबवलं. “सर, पोडियममधून पार्किंगमध्ये पाणी गळतंय. मोठं काम निघणार आहे.” अशा कामाची वर्गणी ठराव झाल्यावर नव्या मालकालाही भरावीच लागते. आमच्या सगळ्या कागदांत ही माहिती कुठेच नव्हती. मी तेव्हापासून कुणालाही सांगतो: सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, लेखापरीक्षणाचा अहवाल, सिंकिंग फंडातली शिल्लक, थकबाकीदार किती ते पाहा, आणि वॉचमनशी दहा मिनिटं बोला.

महाग मेंटेनन्सचा फ्लॅट कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. दादरच्या एका आजींनी माझ्याकडूनच लिलावात असा फ्लॅट घेतला. दोन्ही मुलं परदेशात, गुडघे गेलेले, राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या सोसायटीच्या ऑफिसात स्वतः जाऊन बसल्या, थकबाकीवरचं निम्मं व्याज सभेत ठराव करून माफ करून घेतलं आणि मगच बोली लावली. चोवीस तास माणूस खाली, लिफ्टला जनरेटर, रात्री कळ दाबली की कुणीतरी वर येतं. ह्याच गोष्टींसाठी त्यांना वेगळी बाई ठेवावी लागली असती. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

नंतर काही बाबतीत कायदा घेणाऱ्याच्या बाजूने स्पष्ट झाला, काही बाबतीत विरुद्ध. पूर्वी बोली जिंकल्यावरही कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे घेऊन यायचा आणि घेणाऱ्याचं घर हातचं जायचं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र दुसऱ्या निकालात, ‘जे आहे जेथे आहे’ तत्त्वावर घेतलेल्या जागेची जुनी विजेची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, हेही पक्कं झालं. बारीक टायपातल्या त्या ओळीचं वजन त्यामुळे आणखी वाढलं आहे.

ते जोडपं तिसऱ्या लिलावात उतरलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी शिवडीत जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट नाही, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं, प्लास्टरचं काम निघालं तेव्हा वर्गणी भरावी लागली. बाई बसने पंधरा मिनिटांत कामावर पोचतात.

टॉवरमधला तो फ्लॅट चौथ्या लिलावात एका व्यापाऱ्याने घेतला. मॅनेजर मला अजून कधीतरी भेटतो. तिथलं मेंटेनन्स आता 24,500 आहे, जीएसटी वेगळा.