बऱ्हाणपुरातले बिऱ्हाड

लग्न करून पाहावे, घर बांधून पाहावे, असे आपली म्हण सांगते. दुसऱ्याने राहावे म्हणून घर घेण्याबद्दल ती गप्प आहे. आणि तेही परराज्यात! आम्हा जळगाव जामोदकरांचे परराज्य म्हणजे सातपुडा ओलांडला की लागणारे बऱ्हाणपूर. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर दोन्ही गावांची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबरला आमचा बुलढाणा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी मात्र कुणी वाटून घेतल्या नाहीत. माझी सासुरवाडी तिथलीच.

मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली पुंजी दोन खोल्यांपुरती. तिचे भाडे दरमहा हाती पडले तरच मुलीचे पुण्यातले वसतिगृह परवडणार. मेहुण्यांनी आधी लालबाग दाखवली. "दाजी, स्टेशन पायाखाली, भावही उतरलेला. आणखी काय हवे?" भाव का उतरला, हेच मला हवे होते. ताप्ती मिल तिथेच. २०२० च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली. पगार थांबला, तिथे भाडेकरू कोठून आणावा?

मग जुन्या शहरातल्या यंत्रमागांच्या गल्ल्या. माणसे कष्टाळू, खोल्यांना मागणीही. पण सुताचा भाव चढला की माग थांबतो, आणि मागाबरोबर भाडेही. शिवाय खोलीतच माग बसवला तर भिंती किती वर्षे टिकायच्या?

१५ ऑगस्ट २००३ ला बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाले. जिल्हा म्हटला की कचेऱ्या आल्या आणि बदलीवर येणारे कारकून, मास्तर आले. कचेरीच्या वाटेवरच्या नव्या वस्तीत घरे महाग, भाडे त्या मानाने बेताचे. तरी मन तिकडेच वळले. या मंडळींचा पगार महिन्याचा महिन्याला होतो, आणि बदली झाली की खोली आपोआप रिकामी होते.

पाण्याची चौकशी मी विकणाऱ्याकडे केली नाही. (त्याच्या नळाला बारमाही गंगा असते!) समोर निवडत बसलेल्या आजीबाईंना विचारले. "दिवसाआड येते, पण येते," त्या म्हणाल्या. १६१५ साली डोंगराचे पाणी जमिनीखालून आणणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या गावात एवढे तरी विचारायलाच हवे.

करारनाम्यासाठी वकील तिथलाच पाहिला. आपला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सातपुड्याच्या अलीकडेच थांबतो. पावसाळ्यात छत गळले तर धावायला मेहुणे आहेतच. त्यांना लालबागच हवी होती, म्हणून ते अजून थोडे रुसलेले आहेत. विसार दिला आहे, खरेदीखत दिवाळीनंतर.