वाडा पेटवीन म्हणणारी बाकाबाई

दक्षिण कोरियात बुयो नावाचं गाव आहे. तिथल्या बुसो टेकडीवर दरबारातल्या स्त्रियांचं एक स्मारक-मंदिर आहे. इ. स. 660मध्ये बेकजे राज्य बुडालं, तेव्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी कड्यावरून नदीत उड्या घेतल्या, असं सांगतात. तीन हजार जणी होत्या म्हणे. आकडा दंतकथेतला, पण हात आजही जोडले जातात.

बुडालेल्या राज्याची बाई नागपूरकरांनीही लक्षात ठेवली आहे. कशी, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

11 डिसेंबर 1853ला नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं 13 मार्च 1854ला राज्य खालसा केलं. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकायला काढले. घराण्यात वडीलधारी उरली होती दुसऱ्या रघुजींची विधवा, बाकाबाई. सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, असं तिनं बजावल्याचं ऐकिवात आहे, अशी नोंद के या इंग्रज इतिहासकारानंच केली आहे. विचार करा, थकलेली बाई, हाताशी फौज नाही, दारात कंपनीची माणसं! सामान गेलंच. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. राण्यांनी दाद मागायला थेट लंडनला वकील धाडले, तेही रिकाम्या हातांनी परतले.

आणि 1857च्या उठावात हीच बाकाबाई इंग्रजांच्या बाजूनं उभी राहिली. पुढच्याच वर्षी ती गेली.

आता पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. नागपुरात काळी मारबत निघते. बांबू-कागदाचा हा अवाढव्य पुतळा 1881पासून निघतो आणि तो फितूर बाकाबाईचा, असं जुने लोक सांगतात. आधी पूजा होते, मग रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत गल्लीबोळांतून मिरवतात आणि शेवटी जाळतात. पिवळी मारबत 1885पासूनची. दोघींची गाठ पडते तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते.

मला वाटतं, बाकाबाईला आपण अर्धीच लक्षात ठेवली. सत्तावन्नची बाई पुतळ्यात आली, चौपन्नची राहून गेली. तिसऱ्या रघुजींच्या दत्तक मुलाला, जानोजीला, इंग्रजांनी पुढे देऊरचा राजेबहाद्दर केलं. घराणं टिकावं म्हणून तिनं काय काय गिळलं असेल, हे मारबतीच्या गर्दीत कुणीतरी पोरांना सांगायला हवं.